वेशीवरची कांबळी

पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी उदुंबरवती नावाच्या नगरीत विजितसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व लोकरीचा व्यापार करणाऱ्या एका घराण्यात जन्माला आला. त्याचे नाव क्षेमंकर असे ठेवले होते. बापाच्या माघारी दुकान त्याच्याकडे आले, भद्रिका नावाची समंजस बायको घरात आली, आणि बघता बघता केस पिकले. ही गोष्ट घडली तेव्हा तो पन्नाशी उलटलेला होता आणि दमलेला होता. बोधिसत्त्व झाला म्हणून कोणाचे गुडघे दुखायचे थांबत नाहीत.

उदुंबरवतीची थंडी वाईट. हिवाळ्यात नदीवरून धुके उठे आणि उन्हे वर येईपर्यंत गल्ल्यांतून हलत नसे. ज्यांना घर होते ते दारे लावून घेत. ज्यांना नव्हते ते नगराच्या मोठ्या वेशीखाली, कमानीच्या दोन्ही अंगांना, भिंतीला पाठ लावून झोपत. त्यांत पुरात घर वाहून गेलेले होते, धनी मेल्यावर हाकलून दिलेले नोकर होते, हात थरथरू लागल्यामुळे काम सुटलेले कारागीर होते. नगरात त्यांना वेशीवरची माणसे म्हणत.

लोकरीच्या व्यापाऱ्यांचा एक संघ होता, त्याला श्रेणी म्हणत. या श्रेणीची वाडवडिलांपासूनची एक रीत होती. पहिले दाट धुके पडले की सगळे व्यापारी वाजतगाजत वेशीवर जात आणि प्रत्येक घराकडून तिथल्या माणसांना नवी कांबळी देत. देणाऱ्याने कांबळे घेणाऱ्याच्या डोक्यावरून पांघरायचे, घेणाऱ्याने ते पांघरून स्वतःभोवती एक फेरी घ्यायची, मग ढोल वाजायचा. शेवटी सगळ्यांना गरम पेज वाढायची. नगरातली पोरेबाळे बघायला येत. व्यापारी घरी जाताना मोठ्या समाधानात असत.

घरोघरी फिरून कांबळी गोळा करणे, कोणी कसर लागलेले टेकवले तर गोड बोलून ते परत करणे, पेजेला तांदूळ मागणे, चुली मांडणे, हे सगळे तरुणपणापासून बोधिसत्त्वाकडे होते. कोणी सोपवले नव्हते, पण एकदा केले आणि गळ्यात पडले. दान द्यायला सगळी श्रेणी पुढे असे. पातेली घासायला बोधिसत्त्व असे. तो तक्रार करीत नसे, पण अलीकडे पहिले धुके दिसले की त्याला आनंद होण्याऐवजी घासायची पातेलीच आठवत.

त्या वर्षीही कांबळी वाटून झाली. पुढे दोन-चार दिवसांनी श्रेणीचा प्रमुख कुबेरदत्त जुन्या कपड्यांच्या बाजारातून पालखीतून चालला होता. तिथे एका चटईवर त्याला त्याच्याच घरचे कांबळे दिसले. किनारीवरचे विणकाम त्याच्या सुनेचे होते. शेजारी आणखी कांबळी होती, तीही वेशीवर दिलेली. कुबेरदत्त वाईट माणूस नव्हता, पण त्याचे मन दुखावले, आणि मन दुखावलेला श्रीमंत माणूस फार लवकर तत्त्वावर बोलू लागतो. त्याने श्रेणीची बैठक बोलावली. ज्याचे करावे बरे तो म्हणतो माझेच खरे, असे म्हणून त्याने ठराव मांडला की ज्यांनी कांबळी विकली त्यांना पुढल्या वर्षी काही द्यायचे नाही. नावे शोधून आणायचे काम अर्थातच बोधिसत्त्वाकडे आले.

बोधिसत्त्वालाही वाईट वाटले होते. इतकी वर्षे आपण कोणासाठी धावलो, असे त्याच्या मनात येऊन गेले. दिवसा वेशीवर कोणी सापडत नसे, म्हणून तो एका पहाटे, उजाडता उजाडता तिकडे निघाला.

वेस दिसायच्या आधी त्याला वास आला. लोकर जळत होती. लोकरीच्या माणसाला हा वास झोपेतही ओळखू येतो. लोकर नीट पेटत नाही, धुमसते आणि घाण येते. जवळ जाऊन पाहतो तर नगररक्षकांनी शेकोटी केली होती आणि तिच्यात एक कांबळे कोंबले होते. सकाळचा नगारा होत होता. वेशीखालची माणसे घाईघाईने उठत होती आणि रक्षक काठीने अंथरुणे उचलून पाहत होते.

त्याला कारण आठवले. काही वर्षांपूर्वी राजाचा हत्ती रस्त्यात पडलेल्या एका वळकटीला बुजला होता आणि राजाचे छत्र चिखलात पडले होते. तेव्हापासून आज्ञा होती की सकाळचा नगारा झाल्यावर नगरात रस्त्यावर कुठेही अंथरूण-पांघरूण दिसता कामा नये. ही आज्ञा बोधिसत्त्वाला ठाऊक होती. नगरात सगळ्यांनाच ठाऊक होती. घरात राहणाऱ्यांना तिचा त्रास नव्हता, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

जुन्या कपड्यांचा व्यापारी नगाऱ्याच्या आधीच येऊन बसला होता. माणसे रांगेने त्याच्याकडे जात होती, कांबळे देत होती आणि दोन भाकरी घेऊन धुक्यात नाहीशी होत होती. जाळले जाण्यापेक्षा भाकरी बरी, असा साधा हिशेब होता.

कमानीच्या कोपऱ्यात तिंदुक नावाचा म्हातारा आपले कांबळे घडी करीत होता. तो पूर्वी नावाडी होता. नाव पुरात गेली, घरही गेले, बायको तेवढी राहिली. तिचे नाव सालिका. ती शेजारी बसून खोकत होती. बोधिसत्त्व पुढे झाला. कांबळी कोणी विकली हे विचारायला तो आला होता, पण आता विचारायचे काय, हे त्याला सुचेना. तिंदुकाने त्याला ओळखले. दरसाल पेज वाढणाऱ्याला कोण ओळखणार नाही?

"शेटजी, तुम्हाला घर आहे ना?" त्याने विचारले.

बोधिसत्त्व म्हणाला, आहे.

"मग एवढे हे दिवसभर ठेवता का? मला घाटावर ओझी उचलायला जायचे आहे. खांद्यावर अंथरूण दिसले की कोणी कामाला लावत नाही, चोर समजतात. हिच्या अंगात ओढून न्यायची ताकद नाही. संध्याकाळी आणून द्या म्हणजे झाले."

त्याने विनवणी केली नाही. शेजाऱ्याकडे घागर ठेवायला सांगावी तसे सांगितले. बोधिसत्त्वाने हात पुढे केले आणि ओलसर, धुराचा वास मारणारे ते कांबळे घेतले. घरी चालत येताना त्याला लाज वाटत होती. इतक्या वर्षांत कांबळे पांघरून फेरी घ्यायला लावली, ढोल वाजवले, आणि ज्याला घर नाही त्याचे कांबळे दिवसा कुठे राहते, हे एकदाही मनात आले नाही.

भद्रिकेने दारातच थांबवले. कांबळ्यात उवा होत्या. ते आत आणायचे नाही, अंगणात उन्हात टाकायचे, असे तिने ठरवले, काठीने झोडपले आणि कडुनिंबाचा पाला पसरून त्यावर वाळत घातले. संध्याकाळी बोधिसत्त्वाने ते कोरडे आणि उबदार कांबळे वेशीवर पोचवले. सालिकेने ते नाकाशी धरले आणि उन्हाचा वास येतो म्हणाली. तिला त्याचे इतके कौतुक वाटले की ती खोकायचीसुद्धा विसरली.

दुसऱ्या दिवशी तिंदुकाच्या कांबळ्याबरोबर शेजारच्याचे आले. मग त्याच्या शेजारच्याचे. आठवडा उलटायच्या आत बोधिसत्त्व खांद्यावर कावड घेऊन जाऊ लागला, आणि अंगणात चालायला वाट उरली नाही.

"घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे," भद्रिका म्हणाली. पण कांबळी तीच ओळखीत असे. वासावरून ओळखी. हे मासळीचे, घाटावरच्या बाईचे. हे शेणाच्या धुराचे, गोठ्यामागे बसणाऱ्याचे. हे आजारी माणसाचे, वेगळे टाका. नोकरांनी उवांच्या भीतीने अंगणात पाऊल टाकायचे सोडले, तेव्हा झोडपणे, उलटवणे, ठिगळ लावणे हेही त्या दोघांवर आले.

बोधिसत्त्वाने राजाकडे जाऊन हत्तीची आज्ञा मागे घ्यावी अशी विनंती केली. राजा म्हणाला, माझी हरकत नाही, पण हत्तीला कोण समजावणार? मंत्र्यांनी विचार करू म्हणून सांगितले, आणि ते घोंगडे भिजत पडले ते पडलेच.

मग तो नावांऐवजी ही हकीकत घेऊन श्रेणीकडे गेला. नवी कांबळी निम्मी द्या, पण रोज कोणीतरी पाळीने उचल-ठेव करायला या, असे त्याने मागितले. एक म्हणाला, उचल-ठेव करणे ही राखण झाली, दान नव्हे. दुसऱ्याने शंका काढली की एकदा दिलेल्या वस्तूला पुन्हा हात लावला तर दिल्याचे पुण्य राहते का? कुबेरदत्ताने हवी तितकी नवी कांबळी द्यायची तयारी दाखवली. विकली जाऊ नयेत म्हणून मधोमध तांबडा पट्टा विणून घेऊ, असाही उपाय सुचवला. नवे द्यायला सगळे तयार होते. जुने वाळवायला एकही हात वर झाला नाही.

म्हणून वेशीवरची ने-आण बोधिसत्त्व एकटाच करीत राहिला. तो हिवाळा गेला आणि पुढचा आला. पहाटे नगाऱ्याआधी वेशीवर, मग घरी, दिवसभर ऊन सरकेल तशी कांबळी सरकवायची, दिवेलागणीला आता रोजच होणाऱ्या पेजेचे पातेले आणि कावड घेऊन पुन्हा वेशीवर. सणाला सुटी नाही, पावसाळी हवेला तर दुप्पट काम. हे काम संपत नसे आणि दिसतही नसे. काल जे केले तेच आज, आणि आज केलेले उद्यापर्यंत पुरत नसे. पहिल्या हिवाळ्यात वेशीवरच्या माणसांनी त्याच्या पायांना हात लावले होते. दुसऱ्यात ती उशीर झाल्याबद्दल कुरकुरू लागली. एकीने तर माझ्या कांबळ्याला तुमच्या कडुनिंबाचा कडू वास येतो म्हणून भांडण काढले. माणसे अशीच असतात, आणि तशी असली म्हणून त्यांना थंडी कमी वाजते असे नाही. बोधिसत्त्वाला हे कळत होते. तरीही कावड खांद्यावर घेताना कधी कधी त्याला रडू येई, आणि कोणाचा राग आला आहे हे त्यालाच सांगता येत नसे.

एकदा भद्रिका म्हणाली, "अहो, एक दिवस तरी झोपा."

"झोपलो तर ती काय पांघरतील?" तो म्हणाला. त्यात अभिमान होता, थोडासा. आपल्याशिवाय चालत नाही हे माणसाला दमवते आणि आवडतेही.

हिवाळ्याच्या ऐन मध्यात भद्रिकेच्या बहिणीचे बाळंतपण आले आणि ती नोकरांना घेऊन दुसऱ्या गावी गेली. त्याच सुमारास श्रेणीचे वार्षिक भोजन होते. बोधिसत्त्व जाणार नव्हता, पण कुबेरदत्ताने स्वतः येऊन हाताला धरून नेले. तूप-भात झाला, दूध झाले. दुपार कलताना तो घरी आला, वाऱ्याने दार वाजू नये म्हणून आतून अडसर घातला, आणि कांबळी गोळा करू लागला. ऊन छान लागले होते. त्याने सगळी एका ढिगात रचली, घटकाभर म्हणून ढिगाला पाठ टेकली, आणि त्याला झोप लागली.

दिवेलागण झाली. त्याला कळले नाही. ढीग एका बाजूने त्याच्या अंगावर घसरला आणि तो आणखी आत गेला. वेशीवरची माणसे वाट पाहत होती. काही उठून त्याच्या दारापर्यंत आली आणि दार वाजवून परत गेली. त्याला काही ऐकू आले नाही. त्यांच्या सगळ्यांच्या कांबळ्यांखाली तो एकटा, उबेत, गाढ झोपला होता.

जाग आली ती सकाळच्या नगाऱ्याने.

तो कसा धावला हे त्याला नंतर आठवेना. कावड घ्यायचे सुचले नाही, हाताला आली तेवढी कांबळी छातीशी धरून तो निघाला. वेशीखाली माणसांनी मिळेल तो पेंढा आणि काटक्या जाळून रात्र काढली होती आणि ती एकमेकांना चिकटून बसली होती. रक्षकांची काठी तिथे आली होती, पण त्या कोपऱ्यापाशी थांबली होती. तिंदुक बसला होता. सालिकेचे डोके त्याच्या मांडीवर होते. ती गेली होती.

कोणी रागावले असते तर बरे झाले असते. त्याने एक कांबळे उलगडून सालिकेच्या अंगावर घातले. तिला आता त्याचा उपयोग नव्हता. ते ऊनही त्याच्यातून केव्हाच निघून गेले होते. त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

घाटावरच्या माणसांनी लाकडे जमवली. तिला नदीकाठी नेले. चितेवर ठेवल्यावर तिंदुकाने तिच्या अंगावरचे कांबळे काढून घेतले. एक जण म्हणाला, राहू दे, तिच्याबरोबर जाऊ दे. तिंदुक म्हणाला, चांगले आहे, कोणाला तरी होईल. अग्नी दिल्यावर तो थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने कांबळ्याची नेहमीसारखी घडी केली, बोधिसत्त्वापाशी आला आणि ती घडी त्याच्या हातांवर ठेवली.

"दिवस वर आला," तो म्हणाला. "वाळत घाला. संध्याकाळी लवकर आणा."

बोधिसत्त्वाचे हात मागे सरकले. "बाबा, माझ्याकडे देऊ नका. मी झोपलो होतो."

"ठाऊक आहे. दार मीच वाजवले. फटीतून तुमचे घोरणे ऐकू येत होते."

"मग मला शिव्या द्या."

"राग आहे," तिंदुक म्हणाला. "इतक्यात जायचा नाही, कदाचित कधीच जायचा नाही. पण माझे आयुष्य नावेवर गेले, शेटजी. रात्रंदिवस वल्हवून दमलेल्या माणसाला वल्ह्यावरच झोप लागते. नाव कलते, माणसे जातात. मी पाहिले आहे. तरी दुसऱ्या दिवशी वल्हे त्याच्याच हातात द्यावे लागते, नाहीतर तो पुन्हा पाण्याजवळ येत नाही, आणि मग पलीकडे कोणीच जात नाही. फक्त त्याच्या शेजारी दुसरा माणूस बसवायचा. तुम्हाला एकट्याला बसवले, ही आमचीही चूक."

एवढे बोलून तो घाटाकडे गेला. त्याचे खांदे हलत होते. बोधिसत्त्व कांबळे घेऊन घरी आला, ते उन्हात टाकले आणि अंगणात बसून पोटभर रडला.

दुपारी कुबेरदत्त आला. त्याच्या कानावर गेले होते. तो खरोखर हळहळला होता. म्हातारी आज नाही तर उद्या जाणारच होती, तुझा दोष नाही, असे त्याने सांगितले. मग हळूच म्हणाला, आता हे सोडून दे. सगळ्यांना समजेल. वाडवडिलांच्या रीतीप्रमाणे वर्षातून एकदा कांबळी देऊ, तूच पुढे उभा राहा, तुझ्या हातून सगळ्यात आधी देऊ. तुला विसावा हवा आहे, हे आंधळ्यालाही दिसते.

बोधिसत्त्वाने ऐकून घेतले. प्रत्येक शब्द त्याला गोड लागला, हे खोटे कशाला सांगा? विसाव्याची त्याला फार ओढ लागली होती. अंगणात सालिकेचे कांबळे वाळत होते. थांबलो तर आज संध्याकाळी ते कोण नेईल, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्या प्रश्नाला कुबेरदत्ताच्या बोलण्यात उत्तर नव्हते.

तो उठला. घरातून पहार आणि हातोडा घेऊन आला आणि अंगणाच्या दाराची बिजागरी उखडू लागला. कुबेरदत्ताला वाटले, दुःखाने याचे डोके फिरले.

"थकलो हा माझा अपराध नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "पण माझ्या थकव्यावर दुसऱ्याचा जीव टांगून ठेवला, हा आहे. आता मी झोपलो तरी ज्याचे त्याला आत येऊन कांबळे उचलता येईल."

दार जड होते. एकट्याला उतरवता येईना. कुबेरदत्ताने न राहवून दुसऱ्या बाजूने हात लावला. दार निघाल्यावर तो अंगरखा झटकून घरी गेला आणि पुन्हा कधी मदतीला आला नाही. पण तेवढी एकदा केली, हेही सांगितले पाहिजे.

त्या संध्याकाळी बोधिसत्त्वाने तिंदुकाला अंगणात राहायला बोलावले. तिंदुक लगेच आला नाही. आला तेव्हा तो त्याच्याशी फार बोलत नसे, पण कावडीचे दुसरे टोक त्याने धरले. मग घाटावरची बाई झोडपायला येऊ लागली, गोठ्यामागचा माणूस पेज ढवळू लागला. भद्रिका परतली तेव्हा तिने दार नसलेली चौकट पाहिली, सगळी हकीकत ऐकली, आणि तिंदुकाला आधी जेवायला वाढले. उघड्या अंगणातून काही कांबळी चोरीला गेली. जाणारच. कडू वासावरून भांडणेही होत राहिली. हत्तीची आज्ञा राजा मरेपर्यंत तशीच होती, आणि श्रेणीने या कामाला शेवटपर्यंत दान म्हटले नाही.

बोधिसत्त्व म्हातारा होईपर्यंत रोज पहाटे वेशीवर जात राहिला. त्याचा थकवा गेला नाही. पण आता कधी दुपारी डोळा लागला तर कोणीतरी त्याच्या अंगावर एक कांबळे टाकून बाकीची घेऊन जाई. आयुष्य सरल्यावर तो आपल्या कर्मानुसार पुढच्या गतीला गेला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, श्रावस्तीजवळच्या विहारात पिंगल नावाच्या भिक्षूला सांगितली. पिंगल विहाराबाहेरच्या धर्मशाळेत आजारी वाटसरूंची सेवा करीत असे. कित्येक दिवस धड झोप नसल्यामुळे एका रात्री त्याचा डोळा लागला, आणि पाणी मागता मागता एक वाटसरू मरण पावला. सकाळी पिंगलाने आपले पात्र आणि चीवर शास्त्यांच्या पायांशी ठेवले आणि आपण या वस्त्राला लायक नाही, आपल्याला जाऊ द्यावे, असे म्हणाला. बाकीचे भिक्षू त्याच्याकडे पाहायचे टाळत होते.

कथा संपल्यावर शास्त्यांनी पूर्वजन्माची जुळणी सांगितली. "त्या वेळचा कुबेरदत्त आज या नगरात सणासुदीला विहाराला मोठे दान देणारा गृहस्थ आहे. भद्रिका म्हणजे धर्मशाळेत भांडी घासणारी उपासिका. सालिका आज याच श्रावस्तीत चार भिंतींच्या घरात, लेकीसुनांत सुखाने राहते. कांबळ्यांखाली झोपी गेलेला तो क्षेमंकर मी होतो. आणि जळत्या चितेपासून वळून माझ्या हातांवर पुन्हा कांबळे ठेवणारा तिंदुक तू होतास, पिंगल."

मग त्यांनी खाली ठेवलेले पात्र उचलले आणि त्याच्या हातात दिले. आज संध्याकाळपासून धर्मशाळेत दोघांनी बसावे, असे सांगून त्यांनी भिक्षूंकडे पाहिले. त्याच्याकडे पाहायचे टाळणाऱ्यांपैकी एक जण उठून पिंगलाच्या शेजारी उभा राहिला.

दमलेल्या पायांनी चालत राहणे ही क्षांती, म्हणजे सहनशीलता, आणि दुसऱ्याचा थकवा पोटात घालणे ही त्याहून कठीण क्षांती. या जन्मी बोधिसत्त्वाने पहिली आचरली, दुसरी त्याला वेशीवरच्या एका माणसाकडून मिळाली.